आवक क्रमांक अठरा

पालकसभेला आले एकवीस जण,
त्यातले सात चहा संपल्यावर.
तक्रारपेटीची किल्ली सापडेना,
पंढरीनाथ शिपायानं दगडानं कुलूप फोडलं.
अठरा चिठ्ठ्या निघाल्या
आणि चिंगमचा एक कागद.

ओळीनं बसले उत्तरं लिहायला.
मुलींच्या संडासाला कडी नाही.
खरं आहे. सोमवारी बसेल.
सोमवारी बसली नाही, बुधवारी मीच
पेचकस घेऊन गेले.
गणिताचे सर तासाला मोबाईल बघतात.
त्यांच्याशी बोलले आहे.
सर म्हणाले, मॅडम, तुम्हीच तर ग्रुपवर
दर तासाला माहिती मागता.
हे उत्तरात लिहिलं नाही.
सहलीचे उरलेले पैसे कुठे गेले?
एक्केचाळीस रुपये आहेत, कपाटात, पाकिटात.
आमची मुलगी हुशार असून दुसऱ्या बाकावर का?
कारण पहिल्या बाकावरचीला
फळा दिसत नाही, ताई.

रागाचं मला काही वाटत नाही.
पारोळ्याचा राग भरितासारखा,
आधी ठसका, मग पाणी,
मग माणूस म्हणतो, वाढा अजून थोडं.

अठरावी चिठ्ठी रेघी पानावर.
कडेला कापसाचा तंतू चिकटलेला,
म्हणजे जिनिंगातून आलेली.
बोलणं आईचं, अक्षर मुलाचं.

मना आंडोरले वाचता येस नही.
तुमीन तेले पास काबर करतस?
हाई बी तोच लिखी रायना.

खाली नाव, गोकुळ, सातवी ब.
आईनं सांगितलं
आणि त्यानं स्वतःविरुद्ध
काही न गाळता लिहून दिलं.
मी निकाल काढले. पाचवी पास, सहावी पास,
दोन्हींवर सही माझी,
आणि काय वळणदार.

नेहमीसारखी सुरुवात केली,
आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की
विद्यार्थ्याच्या अध्ययनस्तर निश्चितीबाबत
इथं पेन थांबलं.
हे घरी वाचून कोण दाखवणार?
तोच.
‘निश्चिती’पाशी अडेल.
आई भाकरी थापता थापता म्हणेल, मंग?

चिठ्ठी परत पाहिली.
‘त्याले’चं ‘तेले’, ‘ऱ्हायना’चं ‘रायना’.
सबंध कागदात एक जोडाक्षर नाही.
जिथं दोन अक्षरं एकमेकांना धरतात
तिथून हा पोरगा वळसा घालून गेला होता,
गटार फुटलेल्या बोळातून
चप्पल हातात घेऊन जातात तसा.

मग मीही त्याच बोळानं निघाले.
बी.एड. होऊन सव्वीस वर्षं झाली,
इतकं अवघड पत्र लिहिलं नव्हतं.
‘तुमच्या’ चालेना. ‘त्याला’ चालेना.
माफी मागायची तर ‘क्षमा’ चालेना.
तीन कागद फाडले.
पंढरीनाथ दोनदा डोकावून गेला,
त्याला कुलूप लावायचं होतं,
पेटीचं नव्हे, शाळेचं.

आई,
चूक गोकुळची नाही. शाळेची आहे. माझी आहे.
वाचता येत नसताना मीच सही केली.
तो खरं लिहितो. ते फार मोलाचं आहे.
सोमवारपासून रोज साडेनऊला पाठवा.
मी शेजारी बसेन.
रागवू नका. मारू नका.
गोकुळ, आता वरची ओळ आईला पुन्हा वाचून दाखव.

खाली ‘मुख्याध्यापिका’ लिहिता येईना.
लिहिलं, शाळेतली बाई.

सोमवारी साडेनऊला कोणी नव्हतं.
पावणेदहाला दारात उभा,
केसांना तेल, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं,
हातात माझं पत्र, चौघडी.
आत आला. टेबलावर पसरलं.
शेवटच्या ओळीत एका शब्दाखाली
बोट ठेवलं,
जिथं घाईत मी चुकले होते.
बाई, म्हणाला,
हाई काय शे?