कापूस येईपर्यंत

माझी ऑर्डर अकरा महिन्यांची,
खोलीही तेवढीच हवी होती.
ग्रामीण रुग्णालय, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कंत्राटी:
हे मी दारोदार सांगत फिरले
मार्चच्या उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन.

कोरपन्यात तेव्हा खोल्याच नव्हत्या.
रस्त्याचं मोठं काम निघालेलं.
ठेकेदाराची माणसं हिंदीत भाव विचारायची
आणि सहा महिन्यांचं एकदम मोजायची.
गजू टोंगे पंक्चर काढतो,
गावातल्या रिकाम्या दारांची खबर त्याच्याकडे असते.
"म्याडम, सकाळी सांगतली खोली दुपारी जाते," तो म्हणाला.
"तुमची ड्युटी सुटते तवरी संपलं."

एका घरी पंखा होता, नळ होता,
खिडकीतून तुरीचं वावर.
भाडं पटलं, डिपॉझिट पटलं,
मग काका म्हणाले, "आडनाव काय म्हनलं?"
खोब्रागडे.
आतून काकूंनी आवाज दिला,
खोली कालच देऊन झाली होती.
किल्ली अजून काकांच्या हातात होती.
त्यांनाही ती दिसली,
त्यांनी ती खिशात घातली.

बेबीबाई पिंपळशेंडेनं आडनाव विचारलं नाही.
गजूनं आधी सांगितलं असेल, नसेल.
एक खोली, वर टिनं, न्हाणीला पोत्याचा पडदा,
अठराशे, लाइट वेगळी.
"दसऱ्यापावतर राह्य," ती म्हणाली,
"मंग कापूस येते."
जावई येतात तसं म्हणाली.

फरशीच्या फटीतून मी
गेल्या वर्षीची सरकी काढत राहिले, ऑगस्टपर्यंत.

दसऱ्याला पुन्हा फिरले.
आता भाव तीन हजार, आणि माझ्यापुढे पाच जण.
परत आले, तर बेबीबाई दारातच बसलेली.
"अर्धी खोली तुई, अर्धी कापसाची.
भाडं बी अर्धं. पन काडी नाई पेटवाची आत,
उदबत्ती नाई, मच्छरची कॉइल नाई."

तिच्या पोरांनी गाठोडी आणून ओतली.
कापूस बटणांच्या बोर्डापर्यंत चढला,
मग टिनांपर्यंत.
मधे एक जुनं लुगडं बांधलं,
ते त्यानं पहिल्याच रात्री माझ्याकडे ढकललं.
स्वयंपाक ओसरीवर. कपडे दोरीवर.
अंगाला खाज सुटायची, हातांवर पुरळ.
ओपीडीत बायका तेच पुरळ दाखवायच्या,
मी बाही खाली ओढून त्यांचं रक्त घ्यायची.
मांजर कापसात व्यायली.
डिसेंबरात मात्र आख्ख्या गावात
माझ्याइतकं गरम कुणी झोपलं नसेल.

ते काका शुगर तपासायला आले.
शीर सापडत नव्हती, कुणालाच सापडत नाही म्हणाले.
मला पहिल्या टोचणीत सापडली.
"हात हलका हाय तुमचा," म्हणाले.
खोली मिळाली का, विचारलं नाही.

रोज संध्याकाळी बेबीबाई पोराला विचारायची,
"किती निंगाला आज?"
तो आकडा सांगायचा, ती म्हणायची, "थांबू अजून."
तिनं वर्षभर वाकून पिकवलेलं,
भाव चढावा, मलाही वाटायचं.
पण चढला की अर्धं भाडं संपणार होतं,
म्हणून मी नेमकं किती चढावा
हे मनात ठरवून ठेवलं होतं:
थोडा. फेब्रुवारीनंतर.

तो जानेवारीतच चढला.
टेम्पो आला, काटा आला,
दोन तासांत भिंती परत दिसल्या.
मांजर पिल्लं तोंडात धरून
कुठं ठेवू, कुठं ठेवू करत फिरत होती.
मी "बेबीबाई" म्हटलं, तर आवाज घुमला.

ती उंबऱ्यावर उभी राहिली.
"रस्तेवाले बावीसशे देतो म्हनतात."
मी काही बोलले नाही.
तिनं पदरावरचा कापूस झटकला.
"तू अठराशेच दे. पुरी खोली आता तुई."

ऑर्डरचे वीस दिवस उरले होते.
मी हो म्हटलं,
आणि पलंग ओढून
खोलीच्या मधोमध घेतला.