सहाच्या आत

हळदीच्या वखारीत आता बिअर मिळते,
हे बाबांना मीच सांगितलं, जरा भीत भीत.
ते म्हणाले, "पत्रे बदलले का?"
मग चष्मा पुसत, "आणि जेवायला?"
शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं आहे म्हटलं.
"मग चल. पण सहाच्या आत."

पौषातलं सांगली, पाचला दहा कमी.
पब अजून झोपलेला,
खुर्च्या टेबलांवर पाय वर करून.
फरशी पुसणारा पोरगा म्हणाला,
गाणी साडेसातला सुरू होतात, काका.
"बरं झालं," बाबा म्हणाले.

नेमगोंडा मगदूम, वय एक्याऐंशी,
पांढरी टोपी, गळ्यापर्यंत बटणं,
बारसमोर उभे.
"इथं काटा होता."
बाटल्या उलट्या टांगल्यात तिकडं बोट:
"इथं राजापुरी. पलीकडं कडप्पा.
त्या कोपऱ्यात एक मांजर व्यायची
दरवर्षी, नेमकी तेजीत."

मेनू त्यांनी रोजकीर्द तपासावी तसा तपासला.
हिरव्या ठिपक्यापाशी बोट थांबायचं,
लाल आला की उचललं जायचं,
चिखल चुकवावा तसं, पुढच्या ओळीवर.
कांदा नको. लसूण नको.
"बटाटापण नको?"
पोरगा लिहायचा थांबला. "मग राहिलं काय, काका?"
"ते तुम्ही सांगायचं. दुकान तुमचं."

आणि वर: "तवा बघू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पोराला काही नाही.
आत सुमन आवळे, डोक्याला जाळी,
प्रत्येक उलथन्याच्या मुठीला हिरवी चिकटपट्टी.
"आजोबा, ह्यानं अंडं बघितलंसुद्धा नाही."
बाबांनी तवा उलटा करून पाठ पाहिली.
पाठ बरी असावी.

ज्वारीची भाकरी आली, दोडका,
बिअरसोबत म्हणून ठेवलेले कच्च्या केळ्याचे काप,
आणि ताक,
बिअरच्याच मगात, फेसासकट.
बाबांनी तो मग दोन्ही हातांनी धरला
आणि इकडंतिकडं बघितलं,
कुणी ओळखीचं नाही ना.

तेवढ्यात कुणीतरी स्पीकर लावून बघितला.
एकच ठोका.
आढ्यातून, तुळयांच्या सांध्यांतून
पिवळं काहीतरी सांडलं,
बारीक, सावकाश,
टेबलावर, दह्यात, बाबांच्या टोपीवर.
पोरगा फडकं घेऊन धावला, सॉरी सॉरी.
बाबांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, हुंगली.
"जुनी आहे," म्हणाले, आणि दही संपवलं.

हात धुऊन येताना ते सागाच्या खांबापाशी अडकले.
खांबावर काच, काचेवर दिवा,
आत पेन्सिलीच्या रेघा:
चार उभ्या, पाचवी आडवी.
खाली पितळी पाटी, 'जुन्या काळच्या नोंदी'.
अक्षर बाबांचं.
त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं, ओठ हलवत.
आठ जुड्या आणि वर एक.

"एकेचाळीस," म्हणाले.
"इलाही म्हणतच होता एकेचाळीस पोती.
मी पस्तिसांची हमाली दिली.
म्हटलं, तुझं गणित कच्चं आहे."

इलाही कोण, मी विचारलं नाही.
सहा पोत्यांची हमाली तेव्हा किती व्हायची तेही नाही.

बिल आलं. पैसे मी दिले.
बाबांनी पोराला विचारलं, कुठला रे तू?
कुपवाडचा. वखारीत कुणी होतं तुझं?
नाही, काका, वडील रिक्षा चालवतात.
तरी बाबांनी टेबलावरचा कापडी रुमाल उचलला,
त्याच्या हातावर टाकला
आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली.

पूर्वी सौदे असेच व्हायचे इथं.
बोट बोटाला काय म्हणालं
ते शेजारी उभ्या माणसालाही कळत नसे.
मलाही कळलं नाही.
पोराला वाटलं, म्हाताऱ्याला उठायचंय.
त्यानं दुसऱ्या हातानं कोपर धरलं
आणि बाबांना अलगद उभं केलं.

बाहेर अजून ऊन होतं.
टोपी मात्र बाबांनी झटकली नाही.