कपड्यांची कोठी

इथे येणाऱ्याचे पहिले बूट काढून घेतात.
नाव नंतर.
मग शाल, झगा, कोपरात विरलेला कोट,
सगळं गंधकाच्या धुरीत टांगायचं,
आणि त्यातला माणसाचा वास उडाला
की गाठोडं माझ्याकडे येतं.

मी चिठ्ठी बांधते. सुतळी, शाई, आकडा.
सोळा वर्षं हेच करते आहे
हॅल्डनच्या वर्कहाउसात, मागल्या अंगणाशी,
जिथली भिंत जुलैतही घाम गाळते.
बाकीच्या बायका दोर उसवतात,
जुन्या जहाजांचे, डांबराने दगड झालेले.
नखं जातात त्यांची.
माझी शाबूत आहेत.
तेवढ्यासाठी त्या माझा राग करतात,
आणि बरोबर आहे त्यांचं.

केझाया थ्रप आणि तिचा नवरा ईनॉक
एका मंगळवारी आले, हात धरून.
कारकून म्हणाला, दोघंही?
ती म्हणाली, दोघंही.
बायकांचं दार डावीकडे, पुरुषांचं उजवीकडे.
एकेचाळीस वर्षांचा संसार
दोन दारांत वाटायला
मिनिटसुद्धा लागलं नाही.
ईनॉकनं वळून एवढंच सांगितलं,
"किटलीचं झाकण शेजारणीकडे राहिलंय गं,"
जणू संध्याकाळी चहा करायचा आहे.

नियम असा, की पुरुषांची गाठोडी खिडकीकडे,
बायकांची दारामागे.
मी तिचं दोनशे सतरा आणि त्याचं दोनशे अठरा
एकाच फळीवर ठेवलं, कोपऱ्यात, चिकटून.
मेट्रन गार्थवेटबाई गाठोडी मोजतात.
कोण कुणाला टेकलंय, ते नाही मोजत.

रविवारी प्रार्थनेला दोन्हीकडचे एका छपराखाली.
केझायानं मला विचारलं,
"त्याला ओळखू कसं?
सगळ्यांना एकच कोट, सगळ्यांची डोकी भादरलेली."
मी म्हटलं, खोकला ऐक.
दोन आखूड, एक लांब.
त्या हिवाळ्यात पाद्री स्वर्गाबद्दल बोलत राहिला
आणि ती खोकला ऐकत राहिली.
फेब्रुवारीतल्या एका रविवारी
खोकला आला नाही.

तिला बुधवारी कळवलं, ओटची पेज वाढता वाढता.
पळी थांबली नाही.

दोनशे अठरा मला खाली काढायचं होतं,
रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या एखाद्या भटक्यासाठी.
दिलं मी. कोट दिला, बूट दिले.
मफलर तिच्या गाठोड्यात सारला,
आणि वहीत लिहिलं:
मफलर, एक, कसर लागून गेला.
सोळा वर्षांतलं माझं एकुलतं एक खोटं.
नाही, दुसरं.

मग सरकारनं म्हाताऱ्यांना
आठवड्याला पाच शिलिंग द्यायचं काढलं.
आधी आम्हाला नाही, आम्ही इथलं अन्न खाल्लेलं.
दोन वर्षांनी, जानेवारीत, आम्हालाही.
केझायानं सत्तरी ओलांडलेली.
भाचीनं कोळशाच्या खोलीशेजारी एक खाट दिली होती.
तेवढं पुरे.

तिनं स्वतःचा झगा चढवला
आणि तो तिच्यावर टांगल्यासारखा लोंबला.
आठ वर्षांत कापड तेवढंच राहिलं होतं.
घडीतून मफलर पडला.
तिनं नाकाशी धरला, बराच वेळ.
"गंधक," म्हणाली.
माझ्याकडे बघितलं नाही. आभारही मानले नाहीत.
गळ्याला दोन वेढे दिले,
आणि दाराशी जाऊन
उगाच खोकली,
दोन आखूड, एक लांब.

माझं गाठोडं सर्वांत वरच्या फळीवर आहे.
चाळीस नंबर.
मला सत्तर व्हायला सव्वादोन वर्षं आहेत,
आणि त्यात काय ठेवलं होतं
ते मी मुद्दाम आठवत नाही.

तिनं उतरवलेला इथला झगा, निळ्या पट्ट्यांचा,
अजून गरम होता.
धुवायला वेळ नव्हता.
दुपारी आलेल्या बाईला
तोच दिला.