लाल खूण

ऋतुजा पागनीस, वय तेवीस, माझी गुरू,
सतरंजीवर मोबाइल उपडा ठेवते
आणि म्हणते, काका, साठ.
साठ म्हणजे सेकंदाला एक टक.
माझं वय एकसष्ट.
पहिल्याच दिवशी मी एकानं पुढे.

इंदूरच्या रामबागेतली ही वरची खोली.
खाली जिन्याच्या पोटात कैलासची इस्त्री, कोळशाची.
विजेचा काय भरवसा, असं तो मला ऐकवतो,
मला, ज्यानं बत्तीस वर्षं वीज मंडळात
लोकांचे मीटर तपासले.

धा धिं धिं धा.
खालीपर्यंत मी शहाण्यासारखा जातो.
तेराव्या मात्रेला सम दिसते आणि सुटतो,
उतारावरच्या सायकलसारखा.
पोचून बघतो तर समेवर कुणीच नाही.
मागाहून टक येतो,
चपला काढून, सावकाश.

काका, सम पळून जाते का कुठे?
तिला काय सांगू.
गाडीच्या आधी तासभर मी फलाटावर असतो.
समोरच्याचं वाक्य मीच संपवतो, बहुतेक चुकीचं.
मुलीच्या लग्नात ‘सावधान’च्या आधी अक्षता टाकल्या;
फोटोत आहे, सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या
आणि एक हात हवेत, रिकामा.

घरचा अभ्यास चाळीसवर.
चाळीस म्हणजे छळ.
दोन टकांच्या मध्ये एवढी जागा
की एखादा बसून पोहे खाऊन जाईल.
मला ती जागा सोसत नाही,
बोटं आपोआप काहीतरी भरतात तिच्यात,
तिरकिट, नाहीतर नुसतीच खाज.

अशाच एका संध्याकाळी ती तबकडी आठवली.
जुन्या मीटरच्या काचेमागे ॲल्युमिनियमची,
कडेला लाल खूण.
बिल जास्त आल्याची तक्रार असली की जायचं,
घरातलं सगळं बंद करायला लावायचं,
साठचा एकच बल्ब चालू,
आणि हातात घड्याळ घेऊन उकिडवं बसायचं.
खूण समोर येते. सरकते. कडेला जाऊन दिसेनाशी होते.
आता शंभर सेकंद काही करायचं नसतं.
ढकलता येत नाही, मीटरला शिशाचं सील.
घरमालक मागे उभा, त्याची बायको दारात,
कुणीतरी उगाच खोकतं.
छत्रीबागेत, सियागंजात, जेल रोडच्या बोळांत
मान वाकडी करून मी तिची वाट पाहिली
आणि कधी घाई केली नाही.

म्हणजे थांबणं मला येत होतं.
तेव्हा त्याचा पगार मिळायचा, एवढंच.

गुरुवारी ऋतुजानं नवाच खेळ काढला:
दोन आवर्तनं टक, दोन गप्प.
गप्प झाला की तुम्ही चालत राहायचं, काका.
गप्प झाला.
खोली एकदम मोठी झाली.
खालून कैलासची इस्त्री ऐकू आली,
खट्, मग कापडावरून लांब घसरण, पुन्हा खट्,
हव्या त्या जागेपेक्षा जराशी मागे,
दर वेळी तेवढीच मागे, केसभरही जास्त नाही.
ऋतुजाची मान त्याच्यावर डुलत होती.
हे, ती पुटपुटली, हे हवंय मला.

तेरावी आली.
मी डोळे मिटले आणि लाल खुणेला
काचेच्या पलीकडून येऊ दिलं.
धा.
पुढचं आवर्तन. धा.
टक काही परतला नाही.
बॅटरी गेली गं, मी म्हटलं.
नाही काका, सुरूच आहे.
तुमच्या धाखाली दबलाय.

मला एवढा आनंद झाला
की पुढच्या समेवर मी पुन्हा आधी पोचलो.
पण फार नाही.
तो चपला काढताना दिसला.