लाल कोपरा

दापोलीच्या मैदानात, दिव्यांखाली,
मी लाल कोपऱ्यात सावधान,
दातांत गार्ड.
माइकपाशी चोगल्यांची प्रणिता.
पट्टी जरा वरचीच लागली.
पाचव्या ओळीला आवाज चिरला,
तिनं आवंढा गिळला, पुढे गेली.

मग तीन फेऱ्या. माझं नाक फुटलं.
मी जिंकलो, बहुतेक.

सकाळी हर्णैला लिलाव थांबवून
जो तो तिचाच सूर तोलतोय,
सुरमईचे कल्ले उघडून बघावेत तसा.
"हात हलत व्हता तिचा, बघितलंस?"
"चिरला, का मुद्दाम चिरलान?"
नाकाचं कुणी विचारत नाही.

प्रणिता पाटी घेऊन आली.
माणसं बाजूला झाली, जरा जास्तच.
मी म्हटलं, तू अडखळलीस ना,
तेव्हा माझे गुडघे लटपटायचे थांबले.

तिनं पाटीतला मूठभर बर्फ दिला.
म्हणाली, धर.
खवले होते त्यात.