बिनआरशाचा

नव्या कॅमेऱ्यात आरसा नाही.
घणसोलीच्या गाळ्यात मी खोकं फोडलं
तेव्हा निमेश हातात तोलून म्हणाला,
"काका, आत काहीच नाही वाटतं."
अठरा हप्ते आहेत, म्हटलं, आत.

जुन्याच्या फोकसच्या कड्यात अजून हळद आहे.
गोठिवलीची, राबाड्याची, की दिवा गावातली,
कुठल्या मांडवातली कोण जाणे;
ब्रशने गेली नाही, फुंकून गेली नाही.
एक लाख ब्याऐंशी हजार वेळा
त्याच्या पोटातला काडेपेटीएवढा आरसा
वर उडाला, खाली पडला.
खटॅक.

आणि दर खटॅकला मला काळोख.
सांगितलं की लोक हसतात,
पण चौदा वर्षं जो जो क्षण मी टिपला
तो मी पाहिलेलाच नाही.
नवरीने मुंडावळ्या सारून वर बघितलं – काळोख.
बाप मांडवाच्या खांबाआड डोळे पुसायला गेला – काळोख.
अलीकडचं दिसायचं, पलीकडचं दिसायचं.
मधलं त्यालाच ठाऊक.

नवा पापणी लववत नाही.
फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच दाखवतो,
आणि माणसाचे डोळे आपले आपण शोधतो:
डीजेच्या धुरात, नाचणाऱ्या गर्दीत
बुबुळावर नेमकी हिरवी चौकट.
बरं वाटतं. माझीच नजर आता पंचावन्नची.
थोडं रिकामटेकडंही वाटतं.

मागच्या आठवड्यात तळवलीला गेलो, बाळाराम नानांकडे.
"भिंतीवं लावाचा फोटू कारून ठेव," म्हणाले,
"नयतं पोरां मोबाइलमदला कापून मोठा करतान."
ओटीवर खुर्ची. कडक सदरा, टोपी.
मागे भिंतीवर चांगुणाबाई, चंदनाच्या हारात.

हिरवी चौकट नानांच्या डोळ्यांवर बसली,
थरथरली,
आणि उडी मारून गेली मागे
चांगुणाबाईंच्या डोळ्यांवर.
परत आणली. परत गेली.
नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला,
तिचे लख्ख.
तो फोटो माझाच, जुन्यातला.
तेव्हाही मला काळोखच दिसला असणार.

जाऊ दे म्हटलं, तिथेच राहू दे. बटण दाबलं.
आवाज नाही.
नाना श्वास रोखून बसलेले, गळ्याची शीर ताठ.
"झालं, नाना."
"कवा? आवाज नय आयला."
निमेशने सेटिंगमधून आवाज लावून दिला,
बारीक, पाल चुकचुकल्यासारखा.
नाना हलेनात.
हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

मग पिशवीतून जुना काढला.
त्याला डोळे कळत नाहीत, आपणच न्यावं लागतं बोट धरून:
डावी भुवई, तिच्याखालचा तीळ, मग बुबुळ.
खटॅक.

नानांनी श्वास सोडला.
खांदे उतरले, टोपी मागे सरकली,
एक पाय चपलेतून बाहेर आला.
तो चेहरा मी नीट पाहिला.
तो कुठल्याच कॅमेऱ्यात नाही.

"ती पन आयली क?"
मागे न बघता विचारलं त्यांनी.
"त्या नव्यात आली," म्हटलं. "ह्यात जरा धूसर."
"हां," म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

वाशीचा दुकानदार जुन्याचे नऊ हजार देतोय,
चार्जर आणि पट्ट्यासकट.
हळदीचं मी त्याला सांगितलेलं नाही.
नव्याची बॅटरी काढली की आत बुजलेली विहीर;
हा मेलेला असला तरी आरपार दिसतं.
आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून उगाच लावला डोळ्याला:
समोरचा इस्त्रीवाला, त्याच्या कोळशाची वाफ,
कडेने फिकट झालेलं सगळं,
आणि मधोमध निमेश, दोन हातांत दोन नाना,
"काका, कुठला मोठा करायचा?"
थांब, म्हटलं. हलू नकोस.