एकतीस खाचा

राजा कातवोरेत परत येणार आहे,
हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.
कुठून येणार, ते घरागणिक बदलतं.
कोळी म्हणतात, समुद्रातून, भरतीच्या पाठीवर बसून.
मेंढपाळ म्हणतात, छे, तो टेकडीच्या पोटात झोपलाय,
बारा शिलेदार उशापायथ्याशी,
आणि घोडे उभ्याउभ्या पेंगतायत.
पाद्री काहीच म्हणत नाही,
पण संध्याकाळच्या घंटेला एक टोला जास्त देतो.

आम्ही लोहार.
आमच्या घरात तो येणार, कारण
त्याच्याकडे आमची उधारी आहे.

धुक्याची रात्र होती. तेरा घोडे दारात येऊन थांबले,
नाल झिजलेले, खूर फुटलेले,
विनमाएलचा तर तीनच पायांवर.
तांगी लोहाराने भाता धरला
तो पहाटेपर्यंत सोडला नाही.
रातफ्रेद, ज्याने म्हणे एकट्याने पूल अडवला होता,
चुलीपाशी तळव्यातला काटा काढत बसला
आणि काढता काढता रडायला लागला.
यार्नितिन घोरत होता.
हे गाण्यात नसतं.
गाण्यात त्यांची चिलखतं चमकतात.
तांगीच्या लेकीने, ओनेनने, ती जवळून पाहिली:
गंजावर मेंढीची चरबी,
तुटल्या कड्यांना सुतळीच्या गाठी.

उजाडता राजाने कमरेची थैली उलटी केली.
भाकरीचा चुरा पडला, आणि हाडाचं एक बटण.
"परत येताना देईन."
"द्याल हो," तांगी म्हणाला,
"पण हिशेब हिशेबाच्या जागी."

हेझलची एक डहाळी. एका नालाला एक खाच.
एकतीस खाचा ओनेनने कोरल्या.
शेवटची चुकली. डोळ्यांवर झोप होती,
सुरी घसरली, खाच तिरकी गेली.
मग काठी उभी चिरली:
अर्धी देणेकऱ्याची, अर्धी घेणेकऱ्याची.
राजाने आपली अर्धी कातड्यात गुंडाळून
चिलखताच्या आत ठेवली,
जिथे बाकीचे राजे क्रूस ठेवतात.

दलदलीपलीकडे लढाई झाली.
तिच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.
आमच्या घरातलं कुणी तिथे नव्हतं.
एवढंच, की एकही नाल परत वाजला नाही.
"येईल," तांगी म्हणायचा,
"बुडवणारा माणूस नव्हे तो."
ओनेनने हे मुलांना सांगितलं,
मुलांनी गावाला, गावाने गाणाऱ्यांना.
हातोहात जाताना हिशेब कुठेतरी गळला,
"येईल" तेवढं उरलं.

आमची अर्धी काठी चुलीवर टांगलेली असते, धुराने काळी.
घरात नवी नवरी आली
की तिचं बोट धरून खाचांवरून फिरवतात.
तिरक्या खाचेशी ते अडखळतं, आणि सगळे हसतात.
माझ्या बायकोचं अडखळलं तेव्हा
मीही हसलो होतो.

गेल्या जूनमध्ये मी जळणासाठी दलदलीत ढेकळं कापत होतो.
छातीइतका खोल गेलो, तिथे फावडं अडलं.
कातड्याची एक गुंडाळी.
हाडं नाहीत, लोखंड नाही,
त्या काळ्या पाण्यात राहिलंच नसेल.
गुंडाळीत काठी. एका बाजूने सपाट.
अंगठा फिरवत गेलो. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.
पुढच्या खाचेशी अंगठा अडखळला.

वर बांधावर मोर्गानची पोरं लाकडी तलवारी परजत होती.
"आज मी कातवोरेत!"
"काल पण तूच होतास!"
धाकटा भोकाड पसरून बसला होता,
त्याला रोज घोडाच व्हावं लागतं.

मी त्यांच्याकडे पाठ केली,
कोपर बुडेपर्यंत हात खाली घातला,
आणि काठी होती तिथे ठेवली.
वर चार ढेकळं दाबली. चांगली, ओली.

घरी बायको म्हणाली, हात केवढे काळे झालेत!
म्हटलं, वसुलीला गेलो होतो.
"मिळालं काही?"
चुलीवर ती अर्धी काठी धुरात हलत होती.
"येतो म्हणाला," मी म्हटलं,
आणि हात धुवायला बाहेर गेलो.